कारीकोल्कची अठरा बोटं

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कारीकोल्कच्या शाळेत तिसरीच्या वर्गाची इंग्रजीची तपासणी सुरू झाली आणि सव्वादहाच्या आत संपली. अठरा मुलं एकेक करून आत गेली, अठरा बाहेर आली. अठराही कागदांवर शून्य होतं.

सिएना आर्नोस्टर बाहेरच्या बाकावर बसली होती. वर्गाच्या बाईंनी आत थांबायचं नाही, असा नियम होता. एकेका मुलाला वीस मिनिटं लागतील असं तिला सांगितलं होतं, म्हणून तिने चहाचा थर्मास भरून आणला होता. पहिला पोरगा तीन मिनिटांत बाहेर आला तेव्हा त्याला लघवीला जायचं असेल असं तिला वाटलं. दुसरी मुलगीही तितक्याच वेळात आली. पाचवं मूल बाहेर आल्यावर सिएनाने विचारलं, "काय विचारलं रे?"

"चंद्र विचारला, बाई."

"मग?"

"होता तिथे चंद्र," तो म्हणाला आणि तारेच्या कुंपणाकडे पळाला.

वर्ग दुर्बिणवाल्यांच्या पैशावर चालायचा. गावापासून गाडीने दीड तासावर माळावर त्यांच्या पांढऱ्या थाळ्या, आभाळ ऐकणाऱ्या दुर्बिणी, उभ्या होत्या. त्यांच्यासाठी शेतं घेतली गेली, तिथल्या मेंढ्या विकल्या गेल्या आणि लोकर कातरणाऱ्यांची तेवढी कामं गेली. त्या बदल्यात गावाला काही गोष्टी मिळाल्या, त्यात हा वर्ग होता. घरात, गल्लीत, दुकानात आफ्रिकान्स भाषेशिवाय काही न ऐकलेल्या मुलांना ग्रह-ताऱ्यांच्या गोष्टींतून इंग्रजी शिकवायचं. सिएना स्वतः दहावीपर्यंत शिकलेली. तिला मदतनीस म्हणून घेतलं होतं. पहिल्या सहामाहीतच मुख्य बाई गाव सोडून गेली आणि वर्ग सिएनाच्या अंगावर पडला.

तिने तो आपल्या पद्धतीने चालवला. शाळेची पाण्याची टाकी म्हणजे सूर्य. तिथून पावलं मोजून अंगणात ग्रह मांडले होते. मेंढीच्या गुडघ्याची हाडं, ज्यांचे बैल करून मुलं खेळतात, तीच रंगवून तिने ग्रह केले. नेपच्यून पार दफनभूमीच्या कुंपणाला टेकला होता. मुलं रोज टाकीपासून निघायची आणि मोठ्याने इंग्रजीत सांगत जायची: मी पृथ्वी सोडली, मी मंगळावर आलो, इथे थंडी आहे, मी गुरूला वळसा घालतोय. दोन वर्षांत या अठरा मुलांना जवळ, लांब, मोठं, लहान, काल, उद्या हे सगळं चालत चालत आलं होतं. सिएनाला त्यांची खात्री होती.

आर्नोस्टरांच्या घराचा सगळा भार या नोकरीवर होता. नवरा फ्लोर्स कातरकरी. नोकरी गेली तर भाड्याचं घर सोडून, कातरकरी पूर्वापार करत आले तसं, गाढवांच्या गाडीवर बिऱ्हाड टाकून शेतामागून शेत हिंडायचं. मोठी दोन मुलं तशीच वाढली, शाळेविना, आणि आता आपापल्या वाटेने गेली होती. धाकटी मर्ला आठ वर्षांची, याच वर्गात. तिला गाडीवर चढवायचं नाही, एवढं एकच सिएनाने मनाशी धरलं होतं. करार महिनाअखेर संपत होता. पुढचा मिळणार की नाही, हे या तपासणीवर होतं.

तपासणीच्या मिस मोरोका जोहान्सबर्गहून आल्या होत्या. तिशीच्या, नीटनेटक्या, धुळीने हैराण झालेल्या. त्यांना आफ्रिकान्स येत नव्हतं. मुख्याध्यापक व्हेरॉय सरांच्या खोलीत त्यांनी कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"मला वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण यांना काहीच येत नाही. टेबलावर सहा चित्रं मांडायची. चंद्रावर बोट ठेव, सूर्यावर बोट ठेव, ताऱ्यावर बोट ठेव, एवढंच. मूल समोर उभं राहतं आणि हात पाठीमागे नेतं. सगळीच. एक मुलगी हनुवटी हलवत होती. मला वाटलं, तिला झटका येतोय."

सिएना कप भरत होती. तिचा हात थांबला.

"बोलायचा भाग झाला नाही का, मिस?"

"पहिल्या भागात शून्य आलं की दुसरा घ्यायचा नसतो."

म्हणजे शनी, कडी, नेपच्यूनवरची थंडी यातलं एक वाक्यही कुणी ऐकलं नव्हतं. सिएनाने थर्मासचं झाकण लावलं. मग काढलं आणि परत लावलं.

"मिस, आमच्याकडे त्यांना बोट दाखवत नाहीत."

"कुणाला?"

"चंद्राला. ताऱ्यांना."

"चित्रं होती ती. कागदाची."

"हो. पण चंद्राचं चित्र होतं ना."

व्हेरॉय सर हसले. पाहुण्यांसमोर ते नेहमी आधी हसून घेत. "म्हाताऱ्यांच्या गोष्टी आहेत हो, मिस. म्हणे बोट रोखलं की पाऊस मागे फिरतो. आता मला सांगा, मी काय साठ वर्षं बोटं खिशात घालून बसलोय?"

सर बोलताना खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी आयुष्यात कधी वर बोट केलेलं सिएनाने पाहिलं नव्हतं. तिने स्वतःही केलं नव्हतं. वर्गात भिंतीवरच्या तक्त्यावर काही दाखवायचं झालं तर ती मूठ वळायची, अंगठा आत दाबायची आणि मुठीने दाखवायची. हे तिला कुणी शिकवल्याचं आठवत नव्हतं, आणि दोन वर्षांत आपण असं करतो हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. मुलांनी तेच उचललं. पाऊस नीट पडला त्याला चार वर्षं झाली होती, त्यामुळे घराघरात आज्या जास्तच जपत होत्या.

"मिस, त्यांनी मुठीने दाखवलं तर? किंवा चित्रावर खडा ठेवला तर?"

मिस मोरोकांनी कागद तिच्यापुढे सरकवला. "इथे लिहिलंय बघा. तर्जनीने. चाळीस शाळांना हाच कागद आहे. तुमच्यासाठी बदलला तर बाकीच्यांना काय सांगू?" त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं. "मी उद्या अकराला निघतेय. आठ वाजता परत एकदा घेते, होतील तेवढ्या मुलांची. आजचं काही कारणाने झालं नाही असं लिहिते. पण कागद हाच राहील."

"थँक यू, मिस," सिएना म्हणाली. सरांनी पुन्हा एकदा हसून घेतलं.

मुलं घरी निघाली तेव्हा तिने सगळ्यांना फाटकाशी थांबवलं आणि सांगितलं, उद्या बोटाने दाखवायचं, ते फक्त कागद आहेत. अठरा जणांनी ऐकून घेतलं. 

फ्लोर्स पाचला परतला. फिल्यूनच्या शेतावर तीन दिवसांचं काम होतं, ते दीड दिवसात उरकलं. मेंढ्याच तेवढ्या होत्या. तो दारातच जमिनीवर पालथा पडला आणि मर्ला सवयीने त्याच्या पाठीवर चढली, कमरेपासून खांद्यापर्यंत अनवाणी टाचांनी दाबत चालू लागली. लोकरीच्या तेलाने त्याचे हात कोपरापर्यंत चकाकत होते. त्यात धूळ बसून काळी साय झाली होती.

"हाडं कातरली आज," तो जमिनीशी तोंड ठेवून म्हणाला. "कातडी एवढी सैल की कात्री कुठे चालवावी कळेना. चौघींना कापलं मी. फिल्यून काही बोलला नाही. नुसता येऊन जखमा बघून गेला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं."

"परत कधी बोलावलंय?"

"नाही बोलावलं. हेन्ड्रिकची कातरकऱ्यांची टोळी गुरुवारी नाही, पुढच्या गुरुवारी निघतेय. खाली दक्षिणेला. तिकडे पाऊस झालाय म्हणे. एका कातरकऱ्याची जागा आहे आणि गाडीत बायको-पोरांची."

सिएना चुलीपाशी बसली आणि शाळेतलं सांगू लागली. फ्लोर्सची आई, ओमा द्रीका, दाराबाहेर खुर्ची टाकून पश्चिमेकडे तोंड करून बसली होती. तिकडे क्षितिजावर दुपारपासून ढग चढत होते, खाली निळे आणि वर फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे. महिनाभरात असे ढग आले नव्हते. गल्लीतल्या चार दारांत चार खुर्च्या तशाच तोंडं करून होत्या.

"म्हणजे तू पोरांना सांगितलंस," ओमा मान न वळवता म्हणाली.

"सांगितलं, मा."

"आजच्याच दिवशी."

"तपासणी उद्या आहे, मा. मी नाही ठरवली."

"नाही गं, तू कशाला ठरवशील? जोहान्सबर्गच्या बाईला पाऊस नळातून येतो. तिचं काय चुकलं?"

"नोकरी गेली तर गाडीवर जावं लागेल. तुम्हालाही."

"मी गाडीवरच जन्मले. पाठीखाली फळी होती आणि वरून पाणी गळत होतं," ओमा म्हणाली. "पाणी होतं तेव्हा."

फ्लोर्स उठून बसला. "तिला एक बोट हवंय ना? माझं घ्या म्हणावं. कात्री इथेच आहे."  त्याने कात्रीची पाती काढली, दगडावर थुंकला आणि धार लावत बसला. कुणाची बाजू घ्यायची वेळ आली की तो धार लावत बसायचा.

सिएनाने मक्याची लापशी ताटात वाढली. आपण हे मानतो की नाही, हे तिला स्वतःलाच ठरवता येत नव्हतं. ढग दिसत होते. एवढंच तिला नक्की माहीत होतं.

बुधवारी सकाळी ती पाणी भरून आली तेव्हा मर्ला शाळेसाठी तयार होऊन पायरीवर बसली होती. तिच्या उजव्या तर्जनीला मेंढीची चरबी लावून चिंधी गुंडाळली होती, घट्ट, वर लोकरीच्या धाग्याची गाठ.

"काय झालं बोटाला?"

मर्लाने आजीकडे पाहिलं. "चिरलंय," ओमा म्हणाली. "पत्र्याने."

 शाळेच्या वाटेवर एका भिंतीच्या आडोशाला सिएनाने मर्लाला थांबवलं, दातांनी गाठ सोडवली आणि चिंधी उलगडली. आत स्वच्छ, गुलाबी, चरबीने ओलं झालेलं अखंड बोट होतं.

"ओमा रागावेल," मर्ला म्हणाली.

"माझ्यावर रागावेल."

सिएना शाळेच्या फाटकाशी पोचली आणि उभी राहिली. भिंतीलगत मुलं ओळीने बसली होती. लुसीनच्या तर्जनीला निळी चिंधी होती. तिच्या शेजारच्याच्या बोटाला पिठाच्या पोत्याची पट्टी, पलीकडे जुन्या मोज्याचं टोक, कुणाला नुसती सुतळी. सिएनाने मोजलं. अकरा. रात्रीत कुणी घरी भांडायला आलं नव्हतं, सकाळी कुणी वाटेत अडवलं नव्हतं. मुलांना वेळेवर, तोंडं धुऊन, केस विंचरून शाळेत पाठवलं होतं. बोटं बांधली होती, एवढंच.

मोकळी बोटं सात, मर्ला धरून. बाकीच्या सहांत पोलिसाची जुळी, दुकानदाराचा मुलगा, आणि ज्यांच्या घरी म्हातारं माणूस नाही अशी तिघं.

मिस मोरोकांनी आल्या आल्या पाहिलं. "यांच्या हातांना काय झालंय?"

व्हेरॉय सर सिएनाकडे बघू लागले. आज त्यांना हसू सापडेना.

"लागलंय, मिस," सिएना म्हणाली.

"अकरा जणांना? त्याच बोटाला?"

 मिस मोरोकांनी फाइल उघडली, एक पान वाचलं, मागे जाऊन आणखी एक वाचलं. "हाताला इजा असेल तर मूल गैरहजर धरायचं. शून्य नाही द्यायचं." त्यांचा आवाज उतरला. "पण निम्मी मुलं तरी हवीत. नऊ. नाहीतर वर्ग मोजत नाहीत, कागद वर पाठवतात, आणि तिथे काय करतात ते मला सांगता येणार नाही."

त्यांनी सात जणांना आत घ्यायला सुरुवात केली. सिएना बाकावर बसली. आज मुलं लवकर बाहेर येत नव्हती. पोलिसाच्या मुलीला बावीस मिनिटं लागली. तिच्यानंतर मिस मोरोका स्वतःच दारात आल्या.

"ती म्हणाली नेपच्यून फार लांब आहे, तिच्या आजोबांच्या थडग्याजवळ. मी विचारलं, तू तिथे गेलीस? म्हणाली, रोज जाते, शनिवार-रविवार सोडून." त्या थांबल्या. "पूर्ण वाक्यात सांगितलं तिने. बाकीच्यांनाही असंच येतं?"

"काहींना जास्त येतं, मिस."

"मग दोन मुलं द्या मला," मिस मोरोका हळू म्हणाल्या. "मी पट्ट्या बघितल्याच नाहीत असं समजा. फक्त दोन."

मर्ला आत गेली. दार अर्धवट उघडं राहिलं होतं. सिएनाला तिची पाठ आणि उजवा हात दिसत होता. हात वर आला, बोट सुटं झालं, टेबलाकडे गेलं, कागदाला टेकलं. असं सहा वेळा झालं. मग मर्लाने हात फ्रॉकला पुसला आणि बोलायला लागली. मी पृथ्वीवर राहते. माझे वडील मेंढ्यांची लोकर कापतात. आता मेंढ्या कमी आहेत.

सिएना उठली आणि भिंतीपाशी गेली. लुसीन या सगळ्यांत हुशार होती. शनीला कडी का आहेत हे सांगायला लागली की ती थांबता थांबायची नाही. सिएना तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने तिचा हात हातात घेतला.

"लुसीन, बघू बोट."

मुलीने हात ओढून घेतला नाही. निळ्या चिंधीला दोन गाठी होत्या. पहिली सुटली. लुसीनच्या याकोबा आजीने मारलेली गाठ होती ती. तिचं घर सिएनाच्या घरासमोर होतं, आणि काल संध्याकाळी तिचीही खुर्ची पश्चिमेकडे होती. सिएनाने दुसऱ्या गाठीत नख घातलं. लुसीनचं मनगट थंड पडलं होतं. बाकीची दहा मुलं डोळे न हलवता बघत होती, आणि आपापले बांधलेले हात त्यांनी हळूहळू मांड्यांखाली घातले.

"बाई," लुसीन म्हणाली, "आमच्या शेळ्या दोनच राहिल्यात."

ती रडत नव्हती. वर्गात उत्तर द्यावं तशी तिने माहिती दिली.

सिएनाने गाठीतून नख काढलं. मग चिंधी परत सारखी केली. सैल झालेली गाठ आवळली, मग सुटलेली परत मारली, याकोबाने मारली होती तशीच. 

मिस मोरोकांनी सातव्या मुलानंतर दहा मिनिटं वाट पाहिली. अकरा वाजता त्यांची गाडी आली. "मी सातांचे गुण पाठवते आणि एक चिठ्ठी जोडते," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी वाचतील याची खात्री नाही." त्यांनी सिएनाशी हात मिळवला.

दुपारी साडेबाराला वारा फिरला. पश्चिमेचे ढग विस्कटले, उत्तरेला सरकले आणि दोनपर्यंत आभाळ पांढरं स्वच्छ झालं. गेल्या चार वर्षांत असे ढग कितीतरी वेळा आले आणि असेच गेले होते. सिएना घरी निघाली तेव्हा गल्लीतल्या खुर्च्या आत नेलेल्या होत्या. याकोबा तिच्या दारात भांडं घासत होती. सिएना म्हणाली, "नमस्कार, ओमा याकोबा." याकोबाने मान हलवली आणि भांडं घासत राहिली.

घरात ओमा द्रीकाने मर्लाला जेवायला वाढलं होतं, फ्लोर्सला वाढलं होतं. सिएनाचं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. कालपर्यंत ओमा तिची वाट बघायची, मग सगळे बरोबर बसायचे.

"मा, बोला काहीतरी," सिएना म्हणाली.

"काय बोलू? तुझं काम होतं, तू केलंस." ओमाने भांड्यातली खरवड काढली. "पोरीने किती दाखवले?"

"सहाच्या सहा."

"हुशार आहे," ओमा म्हणाली. ते कौतुक होतं की काय, हे तिच्या तोंडावरून कळत नव्हतं.

गुरुवारी वर्गात नऊ मुलं आली, शुक्रवारी सात. लुसीनला घरी काम आहे, असा निरोप आला. दुसऱ्या घरून तोच निरोप त्याच शब्दांत आला. सिएनाने सातांना घेऊन टाकीपासून नेपच्यूनपर्यंत फेरी मारली. वाक्यं म्हणायला मुलं कमी पडत होती. एकेकाला दोन-दोन ग्रह घ्यावे लागले. मर्लाबरोबर हात धरून चालायला जोडी नव्हती. ती एकटीच गुरूला वळसा घालून आली.

शनिवारी हेन्ड्रिक गाडीची चाकं दाखवायला फ्लोर्सला घेऊन गेला. परत आल्यावर फ्लोर्स म्हणाला, "जागा धरून ठेवलीय त्याने. गुरुवारी पहाटे निघायचं. तो विचारतोय, एक जण की चौघं?"

"दुर्बिणवाल्यांचं पत्र येऊ दे," सिएना म्हणाली.

"कधी येणार?"

"माहीत नाही."

"त्याला चारा किती घ्यायचा ते ठरवायचंय, सिएना."

"बुधवारपर्यंत थांबायला सांग."

त्याने सांगितलं. हेन्ड्रिक बुधवारच्या संध्याकाळपर्यंत थांबायला कबूल झाला, पण तक्रार करत.

सोमवारी दुपारी दीड वाजता टपालाची गाडी आली. शाळेसाठी एक खोका होता, दुर्बिणवाल्यांच्या शिक्क्याचा. व्हेरॉय सरांनी तो सिएनासमोर सुरीने फोडला. आत पुढच्या सहामाहीची इंग्रजीची पुस्तकं होती. मुखपृष्ठावर धूमकेतू, कोरी, वासासकट. सरांनी ती एकेक करून बाहेर काढली आणि मोजली. वीस निघाली. मग त्यांनी खोका उलटा करून झटकला. पत्र नव्हतं.

"म्हणजे वर्ग आहे, सर?" सिएनाने विचारलं.

सरांनी खोक्यावरची तारीख चष्मा वर करून वाचली. तपासणीच्या आदल्या शुक्रवारची होती.

"हे आधीच निघालेलं दिसतंय," ते म्हणाले, आणि पुस्तकं परत खोक्यात भरू लागले.